पानात बांधलेली गोबी

आमच्या बोरीच्या घरात गोबीला, म्हणजे फ्लॉवरला, कुणी भाजी मानत नसे. भाजी म्हणजे अंबाडी, चुका, वांगं, दोडका, फार तर शेपू. माय म्हणायची, "फूल हाय ते. फुलाला कुनी फोडनी देतंय व्हय?" मला तर तिचा वासच सोसत नसे. शाळेच्या वाटेवर हेडमास्तरांचं घर लागायचं. त्यांच्याकडे गोबी शिजत असली की मी नाक दाबून पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून जायची. त्यात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या पत्रावळीवरच्या तुऱ्यातून एक हिरवी अळी निघाली, तीही चांगली शिजून मऊ झालेली. त्या दिवसापासून गोबीचं आणि माझं वाकडं झालं.

आज हे सांगितलं तर परभणीतला माझा भाजीवाला हसेल. मी त्याच्या गाड्यापाशी उभी राहून गड्डा उलटा करून देठ बघते, पानं मोडून बघते, वास घेते. तो म्हणतो, "सिस्टर, रिटायर झालात, आता तरी तपासनी सोडा." पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, तपासणी कशी सुटेल? गोबी घरी आणली की मी ती विळीवर घेत नाही, हातानेच तुरे मोडते. कोमट पाण्यात मीठ-हळद टाकून तासभर ठेवते, म्हणजे आत कुणी राहायला असेल तर ते बाहेर येतं. लोखंडी तव्यावर करडीचं तेल तापलं की तुरे तसेच टाकते. पाणी नाही, आणि सुरुवातीला झाकणही नाही. झाकण ठेवलं की वास आत कोंडतो आणि मग लोक गोबीला नावं ठेवतात. हे सगळं मला ज्या बाईनं शिकवलं ती आमच्या घरात फक्त दोन हिवाळे राहिली.

आमचं घर धाब्याचं, दोन खोल्यांचं. वर मातीचं माळवद, मागे लहानसं परस, आणि नहाणीचं पाणी जिथे निघायचं तिथे बारमाही चिखल. वडील मी तीन वर्षांची असताना गेले. त्यांची आठवण म्हणजे खुंटीवरची एक टोपी. मायनं दीड एकर कोरडवाहू आणि दुसऱ्यांच्या रानातली खुरपणी यांच्यावर आम्हा दोघांना वाढवलं. दोघं म्हणजे मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठा दादा. माझ्या नि त्याच्या मधली दोन लेकरं मायच्या हाताला लागली नाहीत. दादा शिकला, मास्तर झाला आणि लांबच्या एका गावातल्या शाळेवर लागला. तो शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचा. त्याच्या पिशवीत माझ्यासाठी गोडीशेवेची पुडी असायची. आठवडाभर मी त्या कागदाच्या चुरचुर आवाजाची वाट बघायची. ती पुडी मी एकटीनं, दाराच्या उंबऱ्यावर बसून, सगळ्या गल्लीला दिसेल अशी खायची.

मी सातवीत असताना दादाचं लग्न झालं. वहिनी येलदरीची. तिचे वडील धरणावर चौकीदार होते, आणि त्यांच्या क्वार्टरमागे पाण्याला तोटा नव्हता. दिवाळीआधी माहेरून येताना ती ओल्या पोत्यात गुंडाळून गोबीची पंधरा रोपं घेऊन आली. नव्या सुनेनं साडीचोळी आणावी, निदान डबाभर लाडू आणावेत. हिनं चिखल आणला. माय कपाळाला हात लावून म्हणाली, "आता बोरीत फुलं पिकवायची ऱ्हायली हुती." वहिनी हसली फक्त. नहाणीच्या पाण्याला दोन बोटांची चर काढून तिनं सगळी रोपं परसात लावली.

गड्डा लिंबाएवढा झाला की ती त्या झाडाचीच बाहेरची पानं वर ओढायची आणि सुतळीनं डोक्यावर बांधायची. मी विचारलं, हे कशाला? "ऊन लागलं की गोबी पिवळी पडती, मालनबाई. कडू हुती. पोरीला पदर द्यावा तसं झाकावं लागतंय बघा." ती मला मालनबाईच म्हणायची, आणि तुमी. मी बारा वर्षांची, फ्रॉकातली, नाक वाहणारी. मला कुणी तुमी म्हणावं असं माझ्यात काहीच नव्हतं, पण नणंद ती नणंद.

खरं सांगते, मला ती आवडत नव्हती. तिच्यात खोट काही नव्हती. पण पहिल्याच शनिवारी दादानं पिशवीतून दोन पुड्या काढल्या. पुडी तेवढीच, माझी काही लहान झाली नव्हती. तरी ती माझी एकटीची उरली नाही, हे मला सोसलं नाही. वहिनीला ते कळलं असावं, कारण त्या हिवाळ्यात तिनं मला जिंकून घ्यायचं ठरवलं, आणि तिच्याजवळ हत्यार होतं ते गोबीच. एकदा तिनं गोबीवर बेसन पेरून कोरडी परतली. एकदा येसर, म्हणजे भाजक्या धान्या-मसाल्याचं पीठ, लावून तिखटजाळ रस्सा केला, भाकरी कुस्करून खायचा. एकदा तर आम्ही म्हशीला टाकायचो ते देठ किसून, शेंगदाण्याचा कूट घालून चटणी वाटली. मायनं तीन भाकरी त्या चटणीशी खाल्ल्या आणि वर म्हणाली, "बरी हाय." आमच्या मायच्या तोंडून बरी हाय निघणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचं पंचपक्वान्न. मी मात्र दरवेळी नाक मुरडून ताट सरकवायची आणि ठेच्यासोबत भाकरी मोडायची.

मग एका दुपारी तिनं अख्खा गड्डा त्याच्या पानांसकट चुलीतल्या निखाऱ्यात पुरला. वरची पानं करपून काळी झाली. ती तिनं काढून टाकली, आणि आतून वाफाळलेली, कडेला जराशी तांबूस झालेली गोबी निघाली. तिच्यावर मीठ, तिखट आणि करडीचं कच्चं तेल. "एक घास. माझ्यासाठी न्हाई, तुमच्या दादासाठी." मी खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्या घासाला मला पक्कं कळलं की इतकं चवदार मी आजवर काही खाल्लेलं नाही. उरलेला गड्डा मी तिच्यासमोर बसून संपवला आणि फ्रॉकला हात पुसत म्हणाले, "वास मारायलाय."

वहिनी पोट धरून हसली. "मारू द्या. एक दिस तुमीच ताट पुढं करताल, बघा."

आवडली, ही चार अक्षरं सांगायला काय जात होतं? पण ते म्हणणं म्हणजे तिला पुडीतला वाटा देणं, असं मला वाटत होतं. बारा वर्षांच्या पोरीचा हेका म्हणून आज मी त्याला हसू शकले असते. पुढचं घडलं नसतं तर हसलेच असते.

दुसऱ्या हिवाळ्यात परसात पुन्हा गोबी होती, आणि वहिनीला दिवस गेले होते. पाचवा लागला तरी तिच्या पोटात काही ठरेना. भाकरीच्या वासानं तिला मळमळायचं, वरणानं मळमळायचं. एकच गोष्ट खावीशी वाटायची, आणि ती परसात पानं बांधून उभी होती. मायनं साफ मनाई केली. गोबी वातूळ, पोटात वारा धरतो, लेकराला इजा होते. मायची ती दोन लेकरं गेली तेव्हा गावातल्या सुईणीनं हेच सांगितलं होतं, की दिवसात वातूळ खाल्लंस, म्हणून गेली. तेव्हापासून माय स्वतःला लेकरांची मारेकरी समजत होती. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की माय वहिनीच्या ताटावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवते आणि मलाही ठेवायला सांगते. "डोहाळे पुरवावंच लागतेत, पर मरनाचे न्हाई पुरवायचे," माय म्हणायची.

गड्डे भरले तसं मायनं ते गल्लीत वाटून टाकायला सांगितलं. वहिनी हळूच म्हणाली, "आत्याबाई, थोडी वाळवून ठिवू का? उन्हाळ्यात आल्यागेल्याला हुईल." वाळलेली गोबी खायला उन्हाळा उजाडायचा, तोवर ही मोकळी होईल, असा हिशेब करून माय हो म्हणाली. मग वहिनीनं तुरे मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढले, सुईनं दोऱ्यात ओवले आणि माळवदावर दोरी बांधून माळा टांगल्या. ज्या बाईच्या तोंडाला दुसरं काही चालत नव्हतं ती दिवसभर गोबीच ओवत बसली होती. मी तिला दोरा करून देत होते. तिनं एक तुकडा तोंडात टाकला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.

एक गड्डा मात्र तिनं ठेवला होता. परसाच्या टोकाला एरंडाच्या आड, पानं अशी बांधलेली की नुसता पाला वाटावा. एका शनिवारी माय खुरपायला गेलेली, माझी सकाळची शाळा सुटलेली. घरात आले तर वहिनी चुलीपुढे बसून निखारे सारखे करत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. "कुनाला सांगू नका, मालनबाई. निम्मी तुमची." आम्ही दोघींनी ती खाल्ली. ती सावकाश, डोळे मिटून खात होती. कित्येक महिन्यांत मी तिला असं जेवताना बघितलं नव्हतं. तेल हनुवटीवर आलं तरी तिला शुद्ध नव्हती. ते तिच्या पोटात राहिलं. बराच वेळ तिला मळमळलं नाही, आणि ती गुणगुणत भांडी घासत होती.

संध्याकाळी दादा आला. पिशवीतून एकच पुडी निघाली. ती त्यानं वहिनीच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "आज एकच ऱ्हायली हुती दुकानात. तिला खाऊ दे, मालन. तिला काई पचंना झालंय." वहिनीनं लगेच ती माझ्याकडे केली. मी घेतली नाही. माझं डोकं फिरलं होतं.

तेवढ्यात माय रानातून आली आणि चूल पेटवायला बसली. राख ओढता ओढता तिचा हात थांबला. राखेत गोबीचा करपलेला देठ होता.

"कुनी भाजली ही?"

वहिनी परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले आणि तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणीही नव्हती. ती नुसती वाट बघत होती. मी खाल्ली, एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं, निम्मी मीच खाल्ली होती. आणि मला गोबी खायला कुणाची बंदी नव्हती. माय फार तर म्हणाली असती, बरं झालं, पोरीला लागली एकदाची.

मी म्हणाले, "वैनीनं."

मायनं तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. तांब्याभर कोमट पाण्यात मूठभर मीठ कालवून तिनं ते वहिनीच्या तोंडाला लावलं. "पी. पी म्हनते ना! माझी दोन गेली गं बाई, ह्ये तरी ऱ्हाऊ दे." ती रडत होती आणि पाजत होती. दादा दारात उभा होता. तो एक पाऊल पुढे आला आणि थांबला. मायपुढे तो मास्तर नव्हता, लेक होता. वहिनी सगळं पाणी प्यायली. मग नहाणीच्या चिखलाशी, गोबीच्या उपटलेल्या झाडांच्या जागी बसून तिनं सगळं बाहेर टाकलं. मी उंबऱ्यावरून बघत होते. गोडीशेवेची पुडी परातीशेजारी तशीच पडली होती. ती पुढे कुणी खाल्ली मला आठवत नाही, मी नाही खाल्ली.

त्यानंतर वहिनीनं काहीच मागितलं नाही. फाल्गुनात सातव्याचं डोहाळजेवण झालं. बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली आणि विचारलं, "सांग गं, काय खावं वाटायलंय?" ती म्हणाली, "काई न्हाई. समदं हाय." पंगतीत भजी होती, पुरणाची पोळी होती, पाच प्रकारचा भात होता. तिनं प्रत्येकाला बोट लावलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी. निघताना तिच्या चपला तिच्या पायात जाईनात, पाय सुजून पावासारखे झाले होते. तिनं त्या पिशवीत टाकल्या आणि अनवाणीच निघाली. बायका म्हणाल्या, जडावली पोर, चांगलं लक्षण हाय. आज माझ्यासमोर असे पाय आले तर मी त्या बाईला खुर्चीवरूनही उठू देणार नाही. आधी रक्तदाब बघेन. आम्ही सगळे महिनोन् महिने तिच्या ताटाकडे डोळे लावून बसलो होतो. पायाकडे कुणी बघितलं नाही. आणि गोबी खाऊन दगावलेली बाळंतीण मी उभ्या नोकरीत एकही पाहिली नाही. हे मी मायला कधी सांगितलं नाही. सांगून काय केलं असतं तिनं?

जिंतूरची गाडी येईपर्यंत वहिनी माझा हात धरून उभी होती. त्या शनिवारनंतर मी तिच्याशी नीट बोललेच नव्हते. तिनंच तोंड उघडलं. "वाळलेली गोबी डालड्याच्या डब्यात हाय. एकट्यानं खाऊ नका बरं का. लेकरू घिऊन आले की आपन दोघी मिळून रस्सा करू." मग जरा वाकून, तिच्या वडिलांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "तवा आत्याबाईला बी सांगून टाकू, की तुमाला लय आवडती."

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गाडी आली आणि ती वर चढली. खिडकीतून तिनं हात केला, मीही केला.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात येलदरीहून माणूस आला. झटके आले, एवढंच त्याला सांगता आलं. बाई गेली आणि लेकरूही गेलं. माय तिथेच, दारात, खाली बसली. दादानं पायातला बूट काढला होता, तो त्यानं परत घातला. मी मागच्या परसात गेले. एरंडाच्या बुडाशी सुतळीचा एक तुकडा मातीत रुतलेला होता. तो उपसून काढला आणि मुठीत धरून बसले. मला रडायला आलं नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही, असं मला वाटत होतं.

वहिनीच्या मरणानंतरचा जलदानाचा विधी बोरीतच झाला. सकाळी विहारातले लोक येऊन वंदना म्हणून गेले. अंगणात गल्लीतल्या बायकांनी मोठ्या चुली मांडल्या होत्या, वरण-भात शिजत होता. माय मात्र घरातल्या चुलीपुढे एकटी बसली होती. तिनं फळीवरचा डालड्याचा डबा काढला, माळा सोडवल्या, तुरे पाण्यात भिजत घातले. वाळून ते काटक्यांसारखे झाले होते. पाण्यात हळूहळू फुगले. मायनं त्यांना येसर लावला, वहिनी लावायची तसा, आणि रस्सा केला. एका 'बरी हाय'पलीकडे तिनं वहिनीला कधी शाबासकी दिली नव्हती, पण तिचं सगळं करणं पाहून ठेवलं होतं.

पहिलं ताट तिनं माझ्यापुढे ठेवलं. "तुला आवडत न्हाई, म्हाईत हाय. तरी खा. तिच्या हातची हाय."

मी खाल्ली. वाळवल्यानं गोबीला एक वेगळीच, खोल चव आली होती. घास गळ्याखाली उतरला आणि इतके दिवस न आलेलं रडू आलं. मी म्हणाले, "आवडती मला, माय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून. त्या शनवारी बी आमी दोघींनी खाल्ली हुती. निम्मी मी खाल्ली."

मायच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच राहिली. चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत जात होता तरी तिनं ते मिटले नाहीत. मग तिनं विचारलं, "मंग तू का न्हाई म्हनलीस गं, मी खाल्ली म्हनून?"

मी ताटातला पुढचा तुरा उचलून तोंडात टाकला.

"मी खरं मानलं असतं," माय म्हणाली. "लेकरा, मी खरं मानलं असतं."

बाहेर पंगत बसली होती, कुणीतरी मीठ मागत होतं. माय पदरानं तोंड झाकून बसली. माझ्या ताटातला रस्सा संपला होता. मी ताट उचललं आणि पुढं केलं.